रोजानं करायचं काम

कौसाक्का तापानं गेली. हे आधीच सांगून टाकते, कारण तिचं नाव काढलं की माणसं पहिलं हेच विचारतात, "कंबरेनंच गेली असंल, न्हाई?" नाही हो. जाताना कंबर तिची ठणठणीत होती. ताप आला, उतरला, परत चढला आणि दवाखान्यात न्यायची तयारी होईपर्यंत तिनं डोळे मिटले. ओटीवर चटई टाकून निजवली तेव्हा अशी सरळसोट दिसत होती की तिच्या टोळीतली मंदा रडता रडता म्हणाली, "बघा की, आत्ताबी पाठ कशी नीट टेकलीय." मग आम्ही सगळ्या आणखीच रडलो.

निमोण्यातल्या आमच्या बौद्धवस्तीत, विहाराच्या मागच्या आळीत तिचं घर आणि भिंतीला भिंत लागून माझं. मी शिलाईचं काम करते. ती कांद्याच्या लागणीची मुकादम. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बायांची टोळी घेऊन ती रानोरान फिरली. शिरूर तालुक्यातली गावं तर सोडाच, नदीपलीकडं दौंड तालुक्यात राहूपर्यंत तिच्या टोळीला बोलावणं असायचं. उंचीनं बेताची, रंग कांद्याच्या वरच्या सालीसारखा तांबूस. साडीवर मुलाचा जुना फुल शर्ट, डोक्याला टॉवेल. बोटांच्या पेरांत चिखलाची बारीक रेघ कायमची बसलेली, लग्नाकार्यात हात घासूनसुद्धा ती जायची नाही. म्हणायची, "राहू दे. मेंदी हाय ती मपली."

माणसाचं वाकणं बघून ती माणूस ओळखायची. हे तिचं एक खूळच होतं. निवडणुकीत कुणी हात जोडून, कमरेत वाकून आळीत आलं की ती माझ्या कानाशी लागायची, "ह्यो मतापुरता वाकलाय गं. गुडघे बघ त्याचे, ताठ हायेत." आणि खरंच, निवडून आल्यावर तो माणूस आमच्या आळीला फिरकायचा नाही. सुनेला बघायला गेली तेव्हा पोरीला शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. पाण्याचा हंडा उचलायला लावला. पोरीनं गुडघे मोडून, हंडा पोटाशी धरून उचलला, तशी ही म्हणाली, "ठरलं."

आता तिचं काम कसं चालायचं ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. काम दोन रीतीनं घेतात. एक रोजानं. सकाळी जायचं, दिवस मावळला की यायचं, काम होवो न होवो दिवस भरला. दुसरं उक्तं. म्हणजे सगळं रानच अंगावर घ्यायचं. लवकर उरकलं तर लवकर घरी, रेंगाळलं तर आपला वेळ गेला. कौसाक्का उक्तंच घ्यायची. रोज हा शब्द तिच्या तोंडी शिवीसारखा होता. "रोजानं गेल्यालं माणूस रोपाकडं बघत न्हाई, सूर्याकडं बघतंय."

कांद्याची लागण थंडीत. पाणी सोडलेला वाफा, पायाखाली गार गाळ, डाव्या हातात रोपांची जुडी आणि उजव्या हाताची बोटं सारखी चिखलात. काही टोळ्या उकिडव्या बसून लावतात. आक्काची टोळी ओणव्यानं लावायची, कारण ओणव्यानं हात लांब पोचतो आणि पाय भराभर मागं सरकतात. नियम एकच. वाफ्याच्या ह्या टोकाला वाकायचं ते त्या टोकाला सरळ व्हायचं. मधे उभं राहायचं नाही. हा नियम कुठल्या शेतकऱ्यानं घातला नव्हता. तो तिचा होता, आणि सगळ्यात आधी ती तो पाळायची. तिची पाठ त्या चिखलावर अशी आडवी दिसायची, जणू कुणी पाट ठेवलाय.

मंदा नवी नवरी होऊन टोळीत आली तेव्हाची गोष्ट. बिचारी अर्ध्या वाफ्यात कंबर धरून उभी राहिली. आक्कानं मान वर न करता विचारलं, "मंदे, विमान आलं का?"

"न्हाई की आक्का."

"मग आभाळात काय हुडकती?"

सगळी ओळ हसली. मंदा अशी खाली वाकली की दिवसभर तिचा चेहरा कुणाला दिसला नाही. तेव्हापासून ते टोळीचं बोलणंच झालं. कुणी उभं राहिलं की दहा तोंडांनी यायचं, "विमान आलं का गं?" आणि त्या लाजेनं बाया वाकलेल्या राहायच्या. दुखलं तरी.

एवढी बाई मोडली कशानं? तर पळीनं.

दिवाळी झाली होती, लागणी तोंडावर आलेल्या. मी तिच्याकडं मूठभर कोथिंबीर मागायला गेले, तर ही गॅसपुढं जमिनीकडं तोंड करून वाकलेली. मला वाटलं काही हुडकतीय. मीही वाकले आणि फरशीवर बघायला लागले.

"काय पडलं गं आक्का?"

"पळी."

"ही काय, तुझ्या हातापाशीच हाय."

"दिसतीय गं मला. मला उठता येईना."

दोघी तशाच वाकून एकमेकींकडं बघत होतो. आधी मला हसू आलं. मग तिच्या ओठावरचा घाम दिसला.

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी आले. आमच्याकडं कुणाला उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेतात, म्हणजे उसण निघते, असं धरून चालतात. लहानपणापासून मी गावाच्या कमरांना लाथा घातल्या आहेत. एरवी ज्यांचं पाऊल आमच्या आळीत पडत नाही, असे एक बागायतदार गाडीतून उतरून आमच्या दारात पालथे पडले होते, "मावशी, घाला एक." आक्काही दर हंगामात यायची, मी पाय लावायची, ती "आता बास, गेली" म्हणून उठायची. त्या दिवशीही लावला. हळू लावला, मग जरा दाबून. ती उठली नाही. दुसऱ्या सकाळी डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या आल्या आणि सुनीलनं, म्हणजे तिच्या मुलानं, कंपनीत रजा टाकून जीप बोलावली. मीही बरोबर गेले.

शिरूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि नीट समजावून सांगितलं. मणक्यातली गादी सरकलीय, शीर दबतीय. पाय लुळा पडायला लागला किंवा लघवीचं भान राहिना तर तसंच पळत यायचं, थांबायचं नाही. तोवर ऑपरेशन नको. थोड्या गोळ्या, आणि घरच्या घरी व्यायाम. व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण शेजारच्या खोलीत होती. दौंडची तरणी पोर, बोलायला मोकळी.

"आजी, इथं पालथ्या झोपा बरं."

"आजी म्हणू नगा बाई. मावशी म्हणा. आजी म्हटलं की माणसाला घरात बसिवत्यात."

डॉक्टरीण हसली. पालथं पडून कोपरांवर छाती कशी उचलायची ते दाखवलं. उताणं पडून, गुडघे मोडून, कंबर कशी वर घ्यायची ते दाखवलं. मग पुढचे, रांगत्या पोरासारखं होऊन एक हात पुढं आणि दुसऱ्या बाजूचा पाय मागं करायचे, ते सावकाश सुरू करा म्हणाली. कळ पायात खाली उतरायला लागली तर थांबा. सगळं सुनेच्या मोबाईलवर काढून दिलं. "थोडे थोडे, पण रोज. महिन्यानं या."

घरी आल्यावर आक्कानं सुनेला विचारलं, "महिन्याचे समदे मिळून किती हुत्यात गं?" सुनेनं हिशोब करून सांगितला. आक्का म्हणाली, "मग एवढं रान महिनाभर कशाला लांबवायचं? दोन दिसांत उरकू."

आणि सकाळी लागली की कामाला! भिंतीपलीकडून मला "हुं... हुं..." ऐकू येत होतं. मला वाटलं पाट्यावर वाटण चाललंय. दुपारी सून घाबरून बोलवायला आली. बघते तर आक्का चटईवर, तोंड लाल, केस कपाळाला चिकटलेले. माझ्याकडं बघून अभिमानानं म्हणाली, "शांते, अर्धं रान झालं."

दुसऱ्या दिवशी तिला कूससुद्धा वळवता येईना.

परत शिरूर. डॉक्टरणीनं कपाळाला हात लावला. "मावशी, किती केले?"

"अर्ध्या महिन्याचं उरकलं. उरल्यालं काल करणार हुते, पर उठताच येईना."

"अहो, हे उरकायचं नसतं! हे संपतच नाही. रोज थोडं करायचं आणि करत राहायचं. बरं वाटलं तरी करायचं."

येताना जीपमध्ये आक्का बोटांची पेरं मोजत होती. गाव जवळ आलं तसं म्हणाली, "म्हंजी शांते, हे उक्तं न्हाई. रोजानं हाय."

"व्हय."

"जन्मभर मी रोजाला नावं ठिवली." बाहेरच्या उसाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या कामाचा मालक कोण?"

"कोण म्हंजी? तूच की."

"मग खाडा द्यायचा न्हाई."

तिथून पुढं मी जे बघितलं, त्याला मला नेमका शब्द सापडत नाही. दिसायला काहीच नव्हतं. एक म्हातारी ओटीवर चटई टाकून पालथी पडते. सुनेचा गाऊन, वरून सुनीलचा शर्ट. दार उघडं, कारण दार लावलं की ओटीवर अंधार. येणारा जाणारा बघतोय. ती कुणाकडं बघत नाही. कोपर टेकते, छाती उचलते, श्वास सोडते, खाली येते. सकाळी तेच. संध्याकाळी तेच. उद्याही तेच. चिखलात दिवसभर वाकलेली आक्का मी पाहिली होती, पण तेव्हा पुढं वाफा दिसायचा, संपत आलेला दिसायचा. इथं समोर नुसती भिंत. चार सकाळी जरा बरं वाटायचं, पाचव्या सकाळी पाय परत ठणकायचा. मी न राहवून विचारायची, "आक्का, काही फरक?"

"रोजाच्या माणसानं असं इचारू न्हाई. लक्ष कामात ऱ्हात न्हाई."

आळीतली माणसं गप्प बसतात होय? समोरचे आबा, काठी टेकत रोज विहाराच्या पायरीवर बसणारे. ते म्हणायचे, "कौसाबाई, पालथं तर पडायला लागलीस. रांगायची कवा?"

"रांगले की पेढे तुम्ही वाटा आबा."

"वाटंन की!"

आणि ज्या दिवशी ती खरंच हातापायांवर उभी राहून, थरथरत एक हात पुढं आणि एक पाय मागं करू शकली, त्या दिवशी ओटीपुढं बायांची गर्दी झाली. आबा काठी टेकत घरी गेले. पण पुढच्या बाजाराला तळेगाव ढमढेऱ्याला गेले, ते पेढ्याचा पुडा घेऊनच आले. घरोघर दिला. "कौसीचं लेकरू रांगायला लागलं, घ्या," म्हणत. लेकरू म्हणजे तीच. आक्का हसता हसता चटईवर आडवी झाली.

तिचं एक करडू होतं, वाटेल तिथं चढणारं. एकदा ती पालथी पडलेली आणि हे टुण्णदिशी तिच्या कमरेवर. मी धावले, तर खालून आवाज आला, "थांब. हे पायाळू दिसतंय. शांते, तुझं गिऱ्हाईक गेलं बघ."

पण एक सकाळ मी विसरणार नाही.

लागणी सुरू झाल्या होत्या. आदल्या दिवशी मंदा येऊन ओटीच्या कडेला बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "आक्का, राहूच्या आप्पांचा निरोप आलाय. टोळी घिऊन मी जाऊ का?"

राहूचे आप्पा म्हणजे तिकडचे मोठे कांदेवाले. वर्षानुवर्षं त्यांचं रान आक्काच लावायची.

"जा की. इचारती काय? रोप आधी बघून घे. पिवळ्या मानंचं असलं तर तिथंच सांग, हे लावणार न्हाई म्हणून. आप्पा वरडत्यात, पर ऐकत्यात."

सकाळी टेम्पो आला. आजवर तो आक्काच्या दारात थांबून हॉर्न द्यायचा. मंदानं ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, विहाराच्या कोपऱ्यावरच थांब, हॉर्न देऊ नको. पण हाताची सवय. त्यानं दिलाच, लांबलचक. मी तिच्या दारात उभी होते. आक्का पालथी, तळहात खांद्याखाली टेकलेले. आता नुसत्या कोपरांवर नव्हे, हात सरळ करून छाती वर घ्यायला डॉक्टरणीनं सांगितलं होतं. हॉर्न ऐकला आणि ती थांबली. बाया चढत होत्या, डबे वाजत होते, कुणाची तरी चप्पल खाली राहिली म्हणून हसाहशी चालली होती. कुणी तिला हाक मारली नाही. मारणार तरी कशी? टेम्पो निघाला. तिचं कपाळ चटईला टेकलेलं. आवाज वळणापलीकडं गेला, बारीक झाला, गेला. मी उंबऱ्याशीच थांबले.

मग तिनं तळहात दाबले. छाती उचलली गेली. मान लांब झाली. डोळे भिंतीवर. नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपटप चटईवर पडत होतं, आणि ओठ मोजत होते. मोजणं चुकलं नाही. मी आवाज न करता घरी आले आणि मशीनवर बसले. दोरा ओवायला मला फार वेळ लागला.

रात्री सुनील म्हणाला, "आई, एवढा तरास कशाला? तू मुकादम हाईस. पुढच्या साली बांधावर बसून टोळी चालव. तुला कोण वाकायला सांगतंय?"

ती शांतपणे म्हणाली, "बांधावर बसून दुसऱ्याचं वाकणं बघायचं? आपल्या आजापणजानं ते खालनं बघितलंय बाळा. मला वरनं बघायला न्हाई जमायचं. मी ओळीत जाईन, न्हाईतर जाणारच न्हाई."

म्हणजे तिचं सगळं त्या ओळीवर टांगलेलं होतं. चालता येत होतं, मांडी घालून बसता येत होतं, उन्हाळ्यापर्यंत पायाची कळ वर सरकत सरकत कुल्ल्यापाशी आली होती. दुसरी कुणी असती तर पुरे म्हणाली असती.

शिरूरला डॉक्टरीण तिला चालताना बघून खूष झाली. "छान! आता ते वाकायचं काम सोडलंत की..."

"ते सोडून दुसरं काय बी सांगा."

डॉक्टरणीनं हातातला कागद खाली ठेवला. मग स्टूल ओढून समोर बसली. "बरं. दाखवा, कसं वाकता."

आक्का वाकली. डॉक्टरणीनं एक काठी आणली, तिच्या पाठीवर उभी धरली. डोकं, पाठ, माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे. गुडघे थोडे मोडून खुब्यातून वाकायचं, पाठीची कमान करायची नाही. एक हात मांडीवर टेकवायचा. आक्काला ते लगेच कळलं, हंडा उचलायला लावणारी बाई ती! पण पुढचा प्रश्न अवघड होता.

"किती वेळानं सरळ होता?"

"वाफा संपल्यावर."

"आणि मधे?"

"मधी? मधी कशाला?"

"मावशी, हेच तर दुखणं आहे. मधे उभं राहायचं. कमरेवर हात ठेवून मागं वाकायचं, श्वास घ्यायचा, मग परत खाली. घरचा व्यायाम तुम्ही करताच. त्यातलाच हा एक शेतात करायचा. उभं राहायला काय होतं?"

आक्का माझ्याकडं बघायला लागली आणि मी तिच्याकडं. काय होतं ते तिला कसं सांगायचं? घरी पालथं पडणं सोपं होतं, आळी हसून गप्प झाली होती. पण ओळीत, अर्ध्या वाफ्यात, सगळ्या बायांपुढं उभं राहायचं, आणि तेही जिनं आयुष्यभर कुणाला राहू दिलं नाही तिनं! तिथून परत येताना ती म्हणाली, "ऑपरेशन सोपं हुतं गं."

पुढची थंडी आली. बाया कमी होत्या म्हणून त्या वर्षी मीही टोळीबरोबर गेले. टेम्पो आक्काच्या दारात थांबला. ती चढली. काहीच झालं नाही अशा थाटात सगळ्या बोलत होत्या, पण प्रत्येकीचं लक्ष तिच्या कमरेकडं.

राहूला आप्पा बांधावर उभेच होते. पांढरा सदरा, त्यावर दवाखान्यातला रुंद पट्टा कमरेला आवळलेला. "या कौसाबाई. बरं हाय ना आता? न्हाईतर बसा इथं सावलीला, पोरी लावतील."

"लावायला आलेय आप्पा."

आम्ही ओळीत लागलो. ती माझ्या शेजारी, तिच्यापलीकडं मंदा. आक्काचं वाकणं बदललं होतं. गुडघे मोडलेले, पाठ सरळ, डावं कोपर मांडीवर. हात पूर्वीइतका लांब पोचत नव्हता, पण रोप तसंच सरळ बसत होतं. वाफा अर्ध्यावर आला. तिचा हात सावकाश झाला. मग थांबला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. ती चिखलाकडं बघत होती. एक रोप लावलं. आणखी एक लावलं. परत थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

आणि ती उभी राहिली.

जुडी काखेत मारली, चिखलाचे हात कमरेवर ठेवले आणि मागं वाकली. तोंड वर, डोळे मिटलेले. सगळी ओळ थांबली. कुणी मान वर केली नाही, पण एकही बोट चिखलात हलत नव्हतं. पहिलं बोलायचं ते मंदानंच, हे सगळ्यांना ठाऊक. आता टोळी तिची होती, आणि तो चेहरा लपवलेला दिवसही तिचाच होता.

मंदा खालूनच बोलली.  "आक्का, विमान आलं का?"

आक्कानं डोळे उघडले नाहीत. "आलंय. लई मोठं हाय. उठून बघ की."

मंदानं हातातलं रोप लावलं. मग मंदा उठली. तिनंही हात कमरेवर ठेवले. मग तिच्या पलीकडची. मग मी. एकेक करत सगळी ओळ उभी राहिली, आणि कुणाच्या तरी तोंडातून "आई गं..." असा लांब सुस्कारा निघाला, वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला. त्यावर सगळ्या हसल्या.

बांधावरून आप्पा ओरडले, "काय गं बायांनो, लागण ठिवून कवायत लावली का काय?"

आक्का म्हणाली, "उक्तं घेतलंय आप्पा. वेळ आमचा जातोय, तुमचा न्हाई."

आप्पांनी कमरेचा पट्टा चाचपला. मग स्वतःच हसले. "आन् मपल्या कमरंचं काय? पट्टा बांधून वैतागलो."

"पट्टा सोडा आन् पालथे पडायला शिका. पर रोजानं बरं का. मोठ्या माणसाला उक्त्याची घाई असती."

त्या दिवशी लागण उरकायला जरा उशीर झाला, टेम्पोवाला कुरकुरला. पण परतताना टेम्पोत कुणी कंबर धरून बसलं नव्हतं. दर वर्षी त्या टेम्पोत कण्हण्याचा एक सूर असायचा. त्या दिवशी मंदा गाणं म्हणत होती.

त्यानंतर आक्का शेवटपर्यंत ओळीत राहिली. सकाळची चटई सुटली नाही. लग्नाला गेली तरी मांडवामागं जागा बघून घ्यायची. मला, मशीनवर वाकून वाकून मान धरलेली बघून, तिनंच चटईवर आडवं पाडलं. मी दोन दिवस टाळलं की भिंतीवर बुक्की यायची, "शांते, खाडा किती दिवस?" पाय लावून घ्यायला अजूनही माणसं माझ्याकडं येतात. मी पाय लावत नाही, चटई दाखवते. काही रागावून जातात. काही पालथे पडतात.

रानात तिला मी शेवटची पाहिली ती जीपमधून. भाचीकडं चालले होते, राहूच्या अलीकडं. ताप यायच्या थोडे दिवस आधी. सकाळची थंडी होती, काच धुरकटलेली, मी पदरानं पुसली. रस्त्याच्या खालच्या अंगाला पाणी भरलेले वाफे आणि त्यांत बायांची लांब ओळ, ओणवी. टेम्पो ओळखीचा वाटला, म्हणून मी काचेला तोंड लावलं. तेवढ्यात ओळीच्या मधली एक बाई उभी राहिली. हात कमरेवर, तोंड वर. तिच्या शेजारची उठली, मग पुढची, मग सगळी ओळ. अंगावर सारखेच फुल शर्ट, डोक्याला सारखेच टॉवेल. मी "कौसाक्का!" म्हणून मोठ्यानं हाक मारली. जीपमधली माणसं माझ्याकडं बघायला लागली, आणि जीप तर थांबणारी नव्हती. मान वळवून वळवून मी बघत राहिले, पण एवढ्या सरळ उभ्या बायांमधली आक्का कोणती, ते मला शेवटपर्यंत ओळखू आलं नाही.